'दार-उल-इस्लाम': एका जुन्या संज्ञेचा अर्थ आणि अनर्थ

मे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथील चार तरुण यात्रेकरूंच्या एका गटाबरोबर बगदादला गेले आणि तेथून नाहीसे झाले. पुढे काही आठवड्यांतच, २९ जून २०१४ रोजी, 'इस्लामिक स्टेट' या संघटनेने इराक व सीरियातील आपल्या ताब्यातील प्रदेशात 'खिलाफत' स्थापन झाल्याचे घोषित केले आणि जगभरातील मुस्लिमांनी या 'इस्लामच्या भूमी'कडे स्थलांतर करावे, ते त्यांचे धार्मिक कर्तव्य आहे, असे आवाहन केले. कल्याणच्या चौघांपैकी एक तरुण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला आणि राष्ट्रीय तपास संस्थेने त्याला अटक केली.

या घटनेच्या ९४ वर्षे आधी, १९२० च्या उन्हाळ्यात, वायव्य सरहद्द प्रांत आणि सिंधमधील हजारो मुस्लिम कुटुंबे घरदार विकून, बैलगाड्यांत मुलेबाळे घालून खैबर खिंडीच्या दिशेने निघाली होती. त्यांनाही हेच सांगण्यात आले होते. हिंदुस्थान आता 'दार-उल-इस्लाम' राहिलेला नाही, तेव्हा जेथे इस्लामचे राज्य आहे तेथे जाणे हे कर्तव्य होय.

दोन्ही प्रसंगांत एका जुन्या शास्त्रीय संज्ञेचा आधार घेण्यात आला. ती संज्ञा आज पुन्हा दूरचित्रवाणीवरील चर्चांत, निवडणुकीच्या भाषणांत आणि समाजमाध्यमांवर सर्रास ऐकू येते. काही जण ती अभिमानाने उच्चारतात, तर काही जण आरोप म्हणून. तिचा मूळ अर्थ, तिच्याविषयी खुद्द मुस्लिम शास्त्रकारांत असलेले मतभेद आणि भारतात तिने घेतलेली वळणे यांची माहिती मात्र क्वचितच दिली जाते. ती घेतल्यास असे दिसते की, कोणती भूमी 'इस्लामची' आणि कोणती नाही या प्रश्नाचे एकमेव उत्तर मुस्लिम शास्त्रकारांनी कधीच दिलेले नाही. आणि ज्या ज्या वेळी कोणी ते एका वाक्यात दिले, त्या त्या वेळी त्याची किंमत सामान्य माणसांना मोजावी लागली.

संज्ञेचा उगम

मराठीत 'दार' म्हणजे दरवाजा. अरबीत 'दार' म्हणजे घर, वसतिस्थान. 'दार-उल-इस्लाम' म्हणजे इस्लामचे घर आणि 'दार-उल-हर्ब' म्हणजे युद्धाचे घर. भूप्रदेशांची ही विभागणी कुराणात आलेली नाही. इसवी सनाच्या आठव्या शतकात, अब्बासी साम्राज्याच्या आरंभकाळात, इस्लामी विधिशास्त्राचे संहितीकरण होऊ लागले, तेव्हा शास्त्रकारांनी ती घडविली. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्या शिष्यपरंपरेतील मुहम्मद अल्-शैबानी (मृत्यू ८०५) यांनी युद्ध, तह, परदेशी व्यापारी आणि युद्धकैदी यांच्यासंबंधीच्या नियमांची जी मांडणी केली, तीत या दोन संज्ञांना मध्यवर्ती स्थान आहे.

या मांडणीमागील प्रश्न व्यावहारिक होते. सीमेपलीकडे झालेल्या गुन्ह्याचा न्याय कोणत्या न्यायाधीशाने करावा? परक्या राज्यातून आलेल्या व्यापाऱ्याला संरक्षण कोणी व किती काळ द्यावे? परमुलखात केलेला कर्जव्यवहार स्वदेशी न्यायालयात ग्राह्य धरावा काय? आज ज्याला आपण अधिकारक्षेत्र म्हणतो, त्याचीच ही तत्कालीन परिभाषा होती. त्याचबरोबर हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, ती एका विस्तारणाऱ्या साम्राज्याची परिभाषा होती. अनेक शास्त्रकारांच्या मते दोन 'घरां'मधील सामान्य स्थिती युद्धाचीच होती आणि तह हा तात्पुरता विराम होता. इस्लामच्या घरात राहणाऱ्या ख्रिस्ती, ज्यू आदी प्रजाजनांना 'जिम्मी' म्हणून जीविताचे, मालमत्तेचे व उपासनेचे संरक्षण मिळत असे. परंतु त्यासाठी जिझिया कर द्यावा लागे आणि त्यांचा दर्जा मुस्लिमांच्या बरोबरीचा नसे. त्या काळातील इतर साम्राज्यांच्या तुलनेत ही व्यवस्था कशी होती, हा इतिहासकारांच्या चर्चेचा विषय आहे. समान नागरिकत्वाची व्यवस्था ती नव्हती, हे निश्चित.

निकष कोणता?

एखादी भूमी इस्लामची केव्हा मानावी आणि ती तशी केव्हा उरत नाही, या प्रश्नावर आरंभापासून मतभेद होते. अबू हनीफा यांच्या मते इस्लामच्या अमलाखाली आलेली भूमी 'दार-उल-हर्ब' ठरण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तेथे इस्लामेतर कायदे प्रस्थापित झालेले असावेत. ती भूमी दुसऱ्या शत्रुप्रदेशाला थेट लागून असावी. आणि तेथील मुस्लिम व जिम्मी यांना पूर्वीपासून असलेली सुरक्षितता नष्ट झालेली असावी. अबू यूसुफ आणि शैबानी हे त्यांचेच दोन प्रमुख शिष्य. पण त्यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते इस्लामेतर कायदा प्रस्थापित झाला एवढी एकच अट पुरेशी होती. म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यातच या प्रश्नावर फरक होता आणि हा फरक पुढे हजार वर्षे, अगदी ब्रिटिश हिंदुस्थानापर्यंत, जिवंत राहिला.

अबू हनीफा यांच्या तिसऱ्या अटीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. तिचा गाभा 'अमान' हा आहे. अमान म्हणजे अभय. मराठेशाहीच्या कागदपत्रांत रयतेला दिल्या जाणाऱ्या 'कौला'मागे जी कल्पना आहे, तिच्या जवळ जाणारी ही कल्पना होय. गादीवर कोण बसला आहे यापेक्षा सामान्य माणूस निर्भयपणे जगू शकतो का आणि आपला धर्म पाळू शकतो का, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. इस्लामच्या आद्य इतिहासातही याला आधार सापडतो. मक्केतील छळाला कंटाळून प्रेषितांच्या अनुयायांचा पहिला गट सुमारे ६१५ साली हबशाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरात, आश्रयाला गेला, तेव्हा तेथील राजा ख्रिस्ती होता. तो न्यायी आहे, एवढे कारण पुरेसे मानले गेले.

याच धाग्याने पुढे अकराव्या शतकातील शाफिई पंथाचे शास्त्रकार अल्-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी असे मत मांडले की, बिगरमुस्लिम राज्यात मुस्लिमाला आपला धर्म उघडपणे पाळता येत असेल, तर ती भूमी त्याच्यापुरती 'दार-उल-इस्लाम'च होय आणि तेथून निघून जाण्यापेक्षा तेथे राहणे श्रेयस्कर. याउलट मत मांडणारेही होते. स्पेनमधील मुस्लिम सत्ता मावळत असताना, १४९१ साली, मालिकी पंथाचे शास्त्रकार अल्-वन्शरीसी यांनी ख्रिस्ती राजवटीखाली राहणे निषिद्ध असून स्थलांतर बंधनकारक असल्याचा फतवा दिला. परंतु अवघ्या काही वर्षांत, १५०४ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील दुसऱ्या एका मुफ्तीने सक्तीचे धर्मांतर सोसणाऱ्या स्पॅनिश मुस्लिमांना मनात श्रद्धा जपून तेथेच राहण्याची मुभा दिली. परंपरा एकच होती. पण तिच्यातून परिस्थितीनुरूप परस्परविरुद्ध निर्णय निघत होते.

'युद्धाचे घर' आणि 'इस्लामचे घर' यांच्यामध्ये तिसरी कोटीही निर्माण झाली. तिला 'दार-उल-अहद' म्हणजे कराराची भूमी किंवा 'दार-उल-सुल्ह' म्हणजे सलोख्याची भूमी म्हटले गेले. या कल्पनेचे श्रेय इमाम शाफिई (मृत्यू ८२०) यांना दिले जाते. उस्मानी सुलतानांना खंडणी देऊन आपला कारभार स्वतः चालविणारी एड्रिॲटिक किनाऱ्यावरील रागुसा नगरी, म्हणजे आजचे दुब्रोव्निक, या कोटीचे ठळक उदाहरण होते.

दिल्ली, कलकत्ता आणि मक्का

भारतात या प्रश्नाला नवे वळण मिळाले ते १८०३ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल लेक याने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा दिल्लीजवळ पराभव केला आणि वृद्ध, अंध बादशहा शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणातून कंपनीच्या संरक्षणाखाली गेला. शाह वलीउल्लाह यांचे पुत्र शाह अब्दुल अझीझ (१७४६–१८२४) यांनी याच सुमारास दिलेला फतवा प्रसिद्ध आहे. महसूल, न्याय आणि पोलीस या सर्व बाबतींत ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम चालतो, मुस्लिम शासकाचा चालत नाही, म्हणून हा प्रदेश 'दार-उल-हर्ब' झाला आहे, असा त्याचा आशय होता. येथे त्यांनी अबू हनीफांऐवजी त्यांच्या शिष्यांचा निकष स्वीकारला.

या फतव्याला पुढे स्वातंत्र्यलढ्याचे आद्य घोषणापत्र मानले गेले. प्रत्यक्षात शाह अब्दुल अझीझ यांनी त्यातून सशस्त्र उठावाचा किंवा सामूहिक स्थलांतराचा आदेश काढला नाही. इंग्रजी शिकण्यास आणि अटींवर कंपनीची नोकरी करण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. हनफी शास्त्रानुसार 'दार-उल-हर्ब'मध्ये बिगरमुस्लिमांशी व्याजाचा व्यवहार करण्याचा नियम शिथिल होतो, हा त्या काळच्या प्रश्नकर्त्यांना भेडसावणारा एक प्रत्यक्ष मुद्दा होता. मात्र त्यांचेच शिष्य सय्यद अहमद बरेलवी यांनी वायव्य सरहद्दीवर शीख सत्तेविरुद्ध युद्ध पुकारले आणि मे १८३१ मध्ये बालाकोट येथे ते मारले गेले. बंगालमध्ये हाजी शरीअतुल्लाह यांच्या फराइझी चळवळीने वेगळाच निष्कर्ष काढला. इंग्रजी अमलाखाली शुक्रवारची आणि ईदची सामूहिक नमाज वैध नाही, म्हणून ती अदा करू नये, असे तिचे म्हणणे होते. एकाच प्रश्नाच्या उत्तरातून एकाने व्याजाचा, दुसऱ्याने युद्धाचा आणि तिसऱ्याने नमाजेचा निर्णय काढला.

१८५७ नंतर हा वाद सरकारदरबारी पोहोचला. मुस्लिम प्रजा धर्मानेच बंडाला बांधलेली आहे काय, असा प्रश्न इंग्रज अधिकारी विचारू लागले. १८७१ साली विल्यम हंटर यांचे 'द इंडियन मुसलमान्स' हे पुस्तक याच प्रश्नावर प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १८७० मध्ये, नवाब अब्दुल लतीफ यांच्या कलकत्त्यातील 'मोहमेडन लिटररी सोसायटी'च्या सभेत मौलवी करामत अली जौनपुरी यांनी ब्रिटिश हिंदुस्थान हा 'दार-उल-इस्लाम'च असून येथे बंड करणे निषिद्ध आहे, असे प्रतिपादन केले. उत्तर हिंदुस्थानातील उलेमांनी त्याच वर्षी दिलेल्या निर्णयात येथील मुस्लिमांना संरक्षण मिळत असल्याने जिहाद लागू होत नाही, असे म्हटले होते. हंटर यांनी यातील विसंगती अचूक टिपली. एका गटाने हा देश शत्रुभूमी गृहीत धरून बंड अनावश्यक ठरविले आणि दुसऱ्याने तो इस्लामची भूमी असल्याचे सांगून बंड निषिद्ध ठरविले. मक्केतील मुफ्तींकडेही विचारणा झाली आणि इस्लामची काही विशेष आचारकर्मे जोवर चालू आहेत तोवर ती भूमी 'दार-उल-इस्लाम'च, असे उत्तर आले. बरेलवी पंथाचे प्रवर्तक अहमद रझा खान यांनीही पुढे स्वतंत्र पुस्तिका लिहून हिंदुस्थान 'दार-उल-इस्लाम' असल्याचे मत अबू हनीफा यांच्या निकषावर मांडले.

खैबरच्या वाटेवर

हे सारे वाद पंडितांचे होते. १९२० साली मात्र ते शेतकऱ्यांच्या अंगणात उतरले. पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्याचा पराभव झाला होता आणि खलिफाच्या भवितव्याविषयी भारतीय मुस्लिमांत तीव्र अस्वस्थता होती. अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्लाह यांनी हिंदुस्थानातून येणाऱ्या मुहाजिरांचे स्वागत करण्याची तयारी दाखविली. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्यासारख्या प्रतिष्ठित विद्वानाने स्थलांतराच्या बाजूने फतवा दिला. अहमद रझा खान यांच्यासारखे काही उलेमा विरोधात होते. परंतु लाटेपुढे त्यांचा आवाज क्षीण ठरला.

सिंधमधून जुलैमध्ये मुहाजिरांना घेऊन विशेष रेल्वेगाडी पेशावरला निघाली. सरहद्द प्रांतातील गावेच्या गावे हलली. जमीन, गुरे आणि भांडीकुंडी मातीमोल भावाने विकली गेली. स्थलांतर करणाऱ्यांची संख्या किती, याविषयीचे अंदाज अठरा हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. त्या काळातील अफगाणिस्तानसारख्या गरीब देशाला हा भार पेलणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९२० मध्ये अमीरांनी आणखी मुहाजिरांना प्रवेश देणे थांबविले. ऊन, उपासमार आणि रोगराईने अनेक जण वाटेतच दगावले. बहुसंख्य परत आले, तेव्हा त्यांच्या शेतात दुसऱ्याचा नांगर चालत होता. परत न आलेल्यांपैकी काही तरुण काबूलहून ताश्कंदला पोहोचले आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या प्रभावाखाली साम्यवादी झाले, ही इतिहासाची एक वेगळीच कलाटणी.

या चळवळीतील श्रद्धेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. फसली ती तिच्यामागील विचारसरणी. भूमीच्या धर्मशास्त्रीय दर्जावरून माणसाचे कर्तव्य ठरविताना, त्या माणसाचे घर, शेत, भाषा आणि शेजार हेही त्याच्या 'अमाना'चे भाग आहेत, याचा विसर पडला. 'इस्लामच्या घरी' पोहोचलेला मुहाजिर तेथे बेघर होता.

कराराची भूमी

या अनुभवानंतर भारतीय उलेमांच्या एका मोठ्या प्रवाहाने वेगळी दिशा घेतली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या जमियत उलेमा-ए-हिंदच्या पेशावर अधिवेशनात १९२७ साली मौलाना अन्वर शाह कश्मीरी यांनी मदीनेच्या कराराचा दाखला दिला. प्रेषित मुहम्मद यांनी मदीनेत आल्यावर तेथील मुस्लिम आणि ज्यू टोळ्यांना एका राजकीय समाजात बांधणारा हा करार केला होता. पुढे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ च्या 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' या पुस्तकात हाच दाखला विस्ताराने मांडला आणि आजच्या काळात राष्ट्रे धर्माने नव्हे तर वतनाने बनतात, अशी भूमिका घेतली. कवी इक्बाल यांनी तीवर कठोर टीका केली आणि मुस्लिम लीगने ती फेटाळली. तरीही फाळणीच्या काळात ज्या कोट्यवधी मुस्लिमांनी भारतातच राहण्याचा निर्णय घेतला, त्यांच्यातील धार्मिक नेतृत्वाच्या मोठ्या भागाची ही वैचारिक बैठक होती.

त्याच काळात एका मराठी विचारवंताने या संज्ञेची दखल वेगळ्या दृष्टीने घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात 'दार-उल-इस्लाम' व 'दार-उल-हर्ब' या संज्ञा आणि १९२० ची हिजरत यांचा उल्लेख करून, अशी धारणा बाळगणारा समाज समान राष्ट्रनिष्ठेत कसा सामावेल, असा रोखठोक प्रश्न विचारला. हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. त्याला शास्त्रीय उत्तर देण्याचा एक प्रयत्न मदनी यांच्या भूमिकेत दिसतो. राज्यव्यवहारातील उत्तर मात्र आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या राज्यघटनेत आले. अनुच्छेद १४ व १५ ने समानता आणि अनुच्छेद २५ ने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले. शास्त्रकारांच्या भाषेत बोलायचे तर हा 'अमान' आहे; फरक एवढाच की तो शासकाने प्रजेला दिलेला नाही, नागरिकांनी परस्परांना दिलेला आहे.

एका शब्दाचा घोटाळा

जुने मत संदर्भ सोडून वापरल्यास काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आग्नेय तुर्कस्तानातील मार्दिन या शहराशी निगडित आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास मार्दिन मंगोलांच्या वर्चस्वाखाली होते. लोकसंख्या मुस्लिम, पण सत्ता मंगोलांची. हे शहर कोणत्या कोटीत बसते, असे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांना विचारण्यात आले. ते दोन्हींपैकी कोणत्याही कोटीत बसत नाही, ते 'संमिश्र' आहे, असे त्यांनी उत्तर दिले. तेथील मुस्लिमाला त्याच्या पात्रतेनुसार वागवावे आणि जो धर्मनियमांबाहेर गेला आहे त्यालाही त्याच्या पात्रतेनुसार वागवावे, असा त्या उत्तराचा शेवट होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी छापल्या गेलेल्या आवृत्तीत मात्र दुसऱ्या ठिकाणी 'वागवावे' याऐवजी 'त्याच्याशी लढावे' असा शब्द आला. अरबीत 'युआमल' आणि 'युकातल' हे दोन शब्द दिसायला फार दूरचे नाहीत. इजिप्तमधील अब्द अल्-सलाम फराज याने आपल्या पुस्तिकेत याच फतव्याचा आधार घेऊन मुस्लिम राज्यकर्त्यांविरुद्ध शस्त्र उचलणे हे कर्तव्य असल्याचे मांडले. त्याच्या गटाने ६ ऑक्टोबर १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या केली. मार्च २०१० मध्ये खुद्द मार्दिन शहरात अब्दुल्लाह बिन बय्या यांच्यासह अनेक देशांतील विद्वानांची परिषद भरली. जुन्या हस्तलिखिताच्या आधारे मूळ पाठ 'वागवावे' असाच असल्याचे तेथे मांडण्यात आले आणि जगाची अशी विभागणी विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीतून आली होती, तिच्या आधारे हिंसेचे समर्थन करता येत नाही, असे जाहीर करण्यात आले. अल्-कायदाच्या प्रचारकांनी हे निवेदन अर्थातच धुडकावले. पाठ दुरुस्त केल्याने हिंसा थांबत नाही. पण तिच्या पाठीशी असलेली शास्त्राची ढाल दूर होते.

आजचे जग आणि जुनी विभागणी

राष्ट्रराज्यांच्या जगात ही विभागणी व्यवहारात केव्हाच मागे पडली आहे. उस्मानी साम्राज्य १८५६ च्या पॅरिस तहाने युरोपीय राज्यांच्या व्यवस्थेत सामील झाले. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत रद्द केली. १९६९ साली रबात येथील शिखर परिषदेतून उदयास आलेल्या आणि आज ५७ सदस्य असलेल्या इस्लामी सहकार्य संघटनेच्या सनदेतही संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी बांधिलकी आणि सदस्य राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाचा आदर नोंदविलेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार जगातील सुमारे एक-पंचमांश मुस्लिम अशा देशांत राहतात जेथे ते बहुसंख्य नाहीत. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या १७ कोटी २२ लाख होती. एवढ्या लोकांच्या जगण्याला दोन कोटींत बसविणे शास्त्रालाही शक्य राहिलेले नाही.

इंडोनेशियाचे उदाहरण येथे उद्‍बोधक ठरते. नहदतुल उलेमा या तेथील विशाल संघटनेने १९३६ साली, डच सत्ता असतानाच, आपला देश 'दार-उल-इस्लाम' असल्याचा निर्णय दिला होता. १९८४ मध्ये तिने पंचशीलाधिष्ठित राज्य मान्य केले आणि २०१९ मध्ये बिगरमुस्लिमांना राज्याच्या संदर्भात 'काफिर' न म्हणता 'नागरिक' म्हणावे, असा ठराव केला. जानेवारी २०१६ च्या माराकेश घोषणापत्राने मदीनेच्या कराराच्या आधारेच मुस्लिमबहुल देशांतील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा पुरस्कार केला. अर्थात घोषणापत्र आणि वास्तव यांत अंतर आहे. अनेक मुस्लिमबहुल देशांत अल्पसंख्याकांना आजही समान दर्जा नाही. जुन्या 'जिम्मी' व्यवस्थेची छाया कायद्यांत आणि मनोवृत्तीत टिकून आहे. या विषयावरील चर्चा प्रामाणिक व्हायची असेल, तर अल्पसंख्य म्हणून मागितलेला 'अमान' बहुसंख्य असताना पूर्णपणे दिला जातो काय, हा प्रश्न मुस्लिम समाजांनाही विचारावा लागेल. तोच प्रश्न जगातील इतर बहुसंख्य समाजांनाही लागू पडतो.

भारतातील उलेमांची भूमिका या काळात संदिग्ध राहिलेली नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंद येथील परिषदेत आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर करण्यात आले. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरातील १२६ विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्याला उघड पत्र लिहून त्याचे दावे शास्त्राच्याच भाषेत खोडून काढले. २०१५ साली भारतातील हजाराहून अधिक उलेमांनी त्या संघटनेविरुद्धच्या फतव्यावर सह्या केल्या. मार्च २०१९ मध्ये सीरियातील बागूझ हे शेवटचे ठाणे पडले आणि ती तथाकथित 'इस्लामची भूमी' नकाशावरून पुसली गेली. तिच्या राजवटीत सर्वाधिक बळी पडले ते मुस्लिमच. आणि यझिदींसारख्या अल्पसंख्याकांवर तर वंशसंहाराची वेळ आली. ज्या ठिकाणी ना मुस्लिमाला अभय होते ना अन्य कोणाला, ती जागा अबू हनीफांच्या निकषावर कोणत्या कोटीत बसली असती, हे सांगण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

आज 'दार-उल-इस्लाम' हा शब्द दोन टोकांकडून वापरला जातो. एका टोकाला अतिरेकी त्यातील अटी, मतभेद आणि करार यांना वगळून केवळ आदेश शिल्लक ठेवतात. दुसऱ्या टोकाला काही टीकाकार तीच वगळलेली आवृत्ती घेऊन, प्रत्येक मुस्लिम शेजारी तिच्याशीच बांधलेला आहे, असे गृहीत धरतात. दोन्ही बाजूंचा अर्थ एकच असतो, हा योगायोग नाही. कारण दोघांनाही शास्त्रातील प्रश्नचिन्ह गैरसोयीचे आहे.

कल्याणहून निघालेल्या तरुणांना आणि खैबर ओलांडणाऱ्या शेतकऱ्यांना हे प्रश्नचिन्ह कोणी दाखविले असते, तर कदाचित काही घरे वाचली असती. इस्लामचे घर कोठे आहे, हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याच परंपरेतील अनेक शास्त्रकारांनी उलट विचारले होते की, तू जेथे आहेस तेथे सुरक्षित आहेस काय, आणि तुझी प्रार्थना तुला निर्भयपणे करता येते काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी राहील अशी व्यवस्था टिकविणे हे काम कोणत्याही फतव्याचे नाही. ते राज्याचे, न्यायालयांचे आणि शेजाऱ्यांचे आहे.